गणपतीत येणारा नवरा कायमचा घरी आला तेव्हा

ताई, स. न.

माझं वय ५९. देवगड तालुक्यात, समुद्रापासून दीडदोन मैलांवर आमचं घर. यजमान छत्तीसगडला पोलाद कारखान्यात होते, रोलिंग मिलमध्ये, ३८ वर्षं. आमचं लग्न १९८८ चं. पहिली सात वर्षं मी तिकडे क्वार्टरमध्ये राहिले. १९९५ ला सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून मुलीला घेऊन गावी आले आणि इथलीच झाले. सासूबाई अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. मग सासऱ्यांचं झालं. मग बांधाची केस. मी आले तेव्हा आमची आंब्याची २२ कलमं होती, आता १४० आहेत. हे गणपतीत पंधरा दिवस आणि मे महिन्यात वीसबावीस दिवस यायचे. एकदा मी हिशेब केला. सत्तावीस वर्षांतले त्यांचे सगळे रजेचे दिवस जोडले तर तीन वर्षंही भरत नाहीत.

२०२२ च्या शेवटी निवृत्त होऊन आले. पहिले दोन महिने बरे गेले. आता पहाटे साडेचारला उठून भांडी वाजवतात, दुपारी झोपतात, रात्री पडवीत फेऱ्या मारतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की अख्ख्या वाडीला बातम्या कळतात. मी काही सांगितलं तर उत्तर नाही. पुन्हा सांगितलं तर 'ओरडतेस कशाला' म्हणून खेकसतात. कारखान्यातल्या मित्रांशी मात्र फोनवर हिंदीत तासभर हसून बोलतात. गड्यांची हजेरी वहीत मांडतात. चौदा वर्षं आमच्याकडे टिकलेला गडी ऐन हंगामात दहा मिनिटं उशिरा आला, त्याला सगळ्यांसमोर बोलले. तो गेला, परत आलाच नाही. नातू चार वर्षांचा, पुण्याहून येतो, पण यांच्याजवळ जात नाही. भट्टीत बघायची निळी काच त्याला दाखवायला गेले तर रडत आत पळाला. सकाळचे दोन तास लोखंडी गेट खरवडण्यात जातात. आणि आता कळलं की फंडातले तीन लाख मला न विचारता पुतण्याला दिले. विचारलं तर म्हणाले, 'माझे पैसे आहेत.'

मुलगी म्हणते, आई, तू पुण्याला ये. जाऊ का? खरं सांगते ताई, हो माझो घोव की पावणो, ताच माका समजणा नाय.

— एक वाचक, देवगड तालुका

* * *

वहिनी,

कारखान्याचं आणि वाडीचं नाव मी गाळलंय, आणि कलमांचा आकडाही थोडा इकडेतिकडे केलाय. तुमच्या तालुक्यात नुसती कलमं मोजूनसुद्धा लोक घर ओळखतात.

पुण्याचं शेवटी बघू. आधी ओरोसला, जिल्ह्याच्या गावी, जायचंय. कान दाखवायला.

तुम्ही पत्रात एकदाही 'त्यांना ऐकू येत नाही' असं लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की ते उत्तर देत नाहीत, खेकसतात, टीव्ही मोठा लावतात, मित्रांशी बोलतात आणि माझ्याशी नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला एकाच माणसाची आठवण झाली. माझ्या वडिलांची. ते मुंबईत एका कापड गिरणीत लूमखात्यात होते आणि १९८२ च्या संपानंतर गावी आले ते आलेच. आम्ही पोरं त्यांना टरकून असायचो. काही विचारलं तर एक तर 'हां हां', नाहीतर एकदम आवाज चढायचा. माझं लग्न ठरल्याचं मी त्यांना मागून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, 'उद्या आण.' हे आम्ही वीस वर्षं हसण्यावारी सांगत होतो. लूमच्या खडखडाटात विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलायचे, हे मला खूप उशिरा कळलं. आई आयुष्यभर चुलीकडे तोंड आणि त्यांच्याकडे पाठ करून बोलत राहिली, आणि ते ऐकत नाहीत म्हणून कुढत राहिली. गेले तेव्हा त्यांच्या कानांची तपासणी एकदाही झालेली नव्हती.

आता तुमच्या पत्रातल्या खुणा बघा. आवाजाने बिघडलेला कान सरसकट सगळं ऐकणं बंद करत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. डॉक्टर तपासणीचा आलेख काढतात त्यात साधारण ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. जाड आवाज बराच काळ शाबूत राहतात. म्हणून टीव्हीची गुणगुण ऐकू येते पण शब्द लागत नाहीत, आणि माणूस आवाज वाढवत जातो. पुरुषाचा खर्जातला आवाज, तोही फोन फुल करून कानाशी धरलेला, नीट पोचतो. बायकांचा आणि पोरांचा आवाज पोचत नाही. मित्रांशी तासभर आणि तुमच्याशी नाही, यातलं अर्धंअधिक उत्तर तिथे आहे. नातवाचंही तेच. चार वर्षांचं पोर काय चिवचिवतंय ते आजोबांना कळत नाही, मग ते मोठ्याने विचारतात, आणि पोर पळतं.

दुसरी खूण 'ओरडतेस कशाला' ही. हे ऐकून बायकांचा जीव जातो, मला माहीत आहे. पण अशा कानाचा पल्लाच आखूड झालेला असतो. हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि थोडं मोठ्याने बोललं की ते एकदम कानात घुसतं, दुखतंसुद्धा. तुम्ही पहिल्यांदा बोललात ते त्यांच्यापर्यंत आलंच नाही. तुम्ही वैतागून दुसऱ्यांदा बोललात तेच त्यांच्या लेखी पहिलं वाक्य, आणि ते ओरडून.

मराठीत ही अडचण कशी होते तेही सांगते. स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, च, फ, ख, त, क ही व्यंजनं बारीक, ती गळतात. सात, हात, खात, भात यांतला 'आ' तेवढा पोचतो, बाकीचं माणूस अंदाजाने भरतो. कधी अंदाज बरोबर येतो, कधी 'उद्या आण' होतं. 'ऐकाक येता, पण समजणा नाय' असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात ना, ते अगदी तंतोतंत खरं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, वहिनींना हे ठाऊक आहे. कोकणातला चाकरमानी म्हटलं की आपल्याला मुंबईची गिरणी दिसते. पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूरला सरकारी पोलाद कारखाने उभे राहिले, अनुक्रमे रशियन, जर्मन आणि इंग्रजांच्या मदतीने, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून पोरं तिकडच्या वसाहतींत गेली. शेजारी बंगाली, समोर तेलुगू, मागे बिहारी, आणि सगळ्यांची मिळून एक कारखान्याची हिंदी. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली. त्याआधी गावी यायचं म्हणजे आधी मुंबईपर्यंतचा लांबचा गाडीचा प्रवास आणि तिथून एसटीने आणखी एक रात्र. पंधरा दिवसांच्या रजेतले कितीतरी दिवस असे रस्त्यात जायचे.

रोलिंग मिलमध्ये भट्टीतून १२०० अंशांच्या आसपास तापलेला पोलादाचा ठोकळा बाहेर येतो. तो रोलरांच्या जबड्यातून पुढे-मागे जातो, प्रत्येक फेरीला बारीक आणि लांब होत. लोखंडावर लोखंड आपटत असतं. शेवटी गरम करवत तो लाल असतानाच कापते. आपल्या कारखान्यांचे नियम सांगतात की ९० डेसिबलच्या आवाजात माणसाने आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. ती करवत शंभरच्या वर जाते. कानात आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कारखाना सुटला की आवाजाने होणारं नुकसान थांबतं, पण मग वय त्यात आपली भर घालत राहतं.

अर्थात हे सगळं मी पत्रावरून बोलते आहे. कानात मळ घट्ट बसला असेल तरी ऐकू कमी येतं, आणि तो दहा मिनिटांत निघतो. साखर वाढलेली असू शकते. एकाच कानाला जास्त कमी येत असेल तर त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. म्हणून आधी कान-नाक-घसा डॉक्टर, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात जा, किंवा कणकवली-कोल्हापूरला ओळखीचे डॉक्टर असतील तर तिकडे.

ते यायला तयार होणार नाहीत. 'मी बहिरो आसय काय' म्हणतील. त्यांना 'तुमचे कान गेलेत' असं सांगू नका. तुम्ही ५९ च्या आहात, तुमच्याही कानांची तपासणी कधी झालेली नसणार. 'मला कान दाखवायचेत, सोबत चला' म्हणा, आणि तिथे गेल्यावर दोघांचीही करून घ्या. हे खोटं बोलणंही नाही. दुसरं, कारखान्यात नेमाने वैद्यकीय तपासणी होत असते. त्यांच्या ट्रंकेत जुने कागद असतील तर त्यात कानाचा आलेखही सापडेल. कागद बघून असा माणूस लवकर मानतो. ३८ वर्षं मीटरचे आकडे वाचून काम केलेला माणूस आहे.

यंत्र लावायला सांगितलं तर बाजारातलं किंवा मोबाईलवर मागवलेलं दोन हजारांचं घेऊ नका. ते सगळंच मोठं करतं, खर्जही आणि भांड्यांचा खणखणाटही, आणि माणूस चार दिवसांत ते कपाटात टाकतो. श्रवणतज्ज्ञाकडे त्यांच्या आलेखाप्रमाणे बसवलेलं डिजिटल यंत्र लागतं. एका कानाचं पंधरा-वीस हजारांपासून पुढे कितीही वर जातं. मधल्या भावाचं पुरे. पहिला महिना त्यांना कावळा, पंप, कागदाचा चुरचुराट सगळं अंगावर येईल. यंत्र दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं, तेवढ्या खेपा मोजूनच चला. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवा. खाऱ्या दमट हवेत आणि घामाने यंत्र बिघडतं. रात्री काढून झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं. देवापुढे दिवा लावता तशी ती डबी रोज बंद करायची.

तोवर, आणि नंतरही, बोलायची पद्धत बदला. स्वयंपाकघरातून हाक मारू नका. समोर जा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं उभं राहा, आधी नाव घ्या नाहीतर हाताला हात लावा, मग बोला. ओरडायचं नाही. ओरडलं की आवाज आणखी चिरका होतो. थोडं हळू, थोड्या खालच्या पट्टीत. एकदा नाही कळलं तर तेच शब्द तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. टीव्ही किंवा मिक्सर चालू असताना महत्त्वाचं काही बोलायचंच नाही. आणि आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा धडधाकट माणसालाही ऐकू येत नाही, त्या वेळचे रुसवे धरू नका.

झोपेचं पटकन सांगते. ३८ वर्षं आठवड्याआठवड्याला पाळी बदललेल्या माणसाचं शरीर कुठल्याच घड्याळाला बांधलेलं नसतं. पहाटे उठतात तर उठू द्या, पण रोज एकाच वेळी, आणि उजाडलं की समुद्रापर्यंत चालून येऊ द्या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडणं हे निम्मं औषध आहे. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीननंतर नाही. भांड्यांचा आवाज त्यांना स्वतःला कळतच नसेल, तेव्हा रात्रीच थर्मासमध्ये चहा भरून पडवीत ठेवा. ते 'आता काय उरलंय' अशा भाषेत बोलायला लागले, जेवण तुटलं, तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांशी बोला. टेलिमानस म्हणून मनाच्या तक्रारींसाठी सरकारी मोफत फोन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

आता गड्याचं. इथे मी त्यांच्या बाजूने नाही. रोलिंग मिलमध्ये दहा मिनिटं उशीर म्हणजे पुढची सगळी लाइन अडकते, हे खरं. आंब्याच्या बागेत दहा मिनिटं उशीर म्हणजे दहा मिनिटं उशीर. चौदा वर्षं टिकलेला गडी म्हणजे काय, हे देवगडात कलमं असलेल्या कोणालाही विचारा. कुठल्या झाडाला मोहोर आधी येतो, कुठला आंबा चौदा आणे, म्हणजे उतरवण्याजोगा, झालाय, झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, देठासकट कसा उतरवायचा, हे त्याच्या हातात असतं. तुम्ही जा त्याच्या घरी, आणि यजमानांना सोबत न्या. त्यांनी माफी मागावी असं मी म्हणत नाही. त्या पिढीचा पुरुष मागणार नाही, आणि ओढून मागायला लावली तर आणखी बिघडेल. नुसते गेले, त्याच्या पडवीत बसले, चहा घेतला, तरी त्याला कळेल.

आणि त्यांना घरात एक खातं द्या. कारखान्याच्या अर्थाने म्हणतेय, डिपार्टमेंट. पंप, फवारणीचा एचटीपी पंप, ग्रासकटर, पाइपलाइन, झेल्याच्या पात्यांना धार हे सगळं त्यांचं. पेट्यांचा हिशेबही द्या, त्यांची वही तिथे कामाला येईल. माणसं मात्र तुमची. हजेरी, मजुरी, कोणाला कधी बोलवायचं, मोहोरासाठीचं कल्टार औषध झाडांना कधी घालायचं, बाग कराराने द्यायची की स्वतः करायची, हे तुम्ही सत्तावीस वर्षं ठरवलंत, पुढेही तुम्हीच ठरवा. हे मनात ठेवू नका, समोर बसून, उजेडात, वर सांगितलं तसं स्पष्ट बोला. कोकणातल्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय. नवरा मुंबईहून नाहीतर आणखी कुठून परत आला की बाई न सांगता दोन पावलं मागे सरते आणि मग आयुष्यभर त्या दोन पावलांवरून कुढते. त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं की या घरात मुकादम आधीपासून आहे.

गेट खरवडतात त्याबद्दल मात्र तक्रार करू नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडली ती ही गोष्ट. आयुष्यभर पोलाद लाटलेला माणूस अशा गावी येऊन राहिला जिथे लोखंड टिकत नाही. खाऱ्या वाऱ्यातला क्लोराइड रंगाच्या फटीतून आत शिरतो आणि गंज आतून पोखरत जातो. बिजागरी, कडी, गज, काही सोडत नाही. म्हणून आपल्या जुन्या घरांना चिरा आणि लाकूड. हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. खरवडल्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात मारतात की नाही एवढंच विचारा, कारण एक रात्र उघडं राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही असं काहीतरी विचारलंत, की त्यांच्याकडून पंधरा मिनिटं उत्तर येईल. एवढं सलग ते तुमच्याशी गेल्या वर्षभरात बोलले नसतील.

आता पैसे. 'माझे पैसे' हे वाक्य वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ३८ वर्षं ते भट्टीपाशी उभे राहू शकले कारण त्यांच्या आईची अंथरुणं दुसरं कोणीतरी बदलत होतं. बांधाच्या केसच्या तारखांना ते नव्हते. २२ ची १४० कलमं त्यांनी केली नाहीत. हे त्यांना एकदा शांतपणे सांगा, भांडणाच्या भरात नको. पण नुसतं सांगून भागणार नाही, तीन कागद करून घ्या.

पहिला, पुतण्याचा. घरातलं माणूस म्हणून तोंडी दिलेले पैसे तीन वर्षांनी कोर्टात मागता येत नाहीत, मुदत संपते. रेव्हेन्यू स्टँप लावून वचनचिठ्ठी घ्या, किंवा निदान 'इतके घेतले, इतके देणं आहे' असं त्याच्या सहीने लिहून घ्या. मुदत संपायच्या आत तशी लेखी कबुली मिळाली तर तेव्हापासून नवी तीन वर्षं मिळतात. पुतण्या खरा असेल तर रागावणार नाही. रागावला तर तीन लाखांत बरंच कळलं म्हणायचं.

दुसरा कागद पेन्शनचा. ईपीएस-९५ ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन त्यांच्यामागे पत्नीला निम्मी मिळते, पण कागदावर तुमचं नाव आणि जन्मतारीख बरोबर हवी. आधारवर एक आणि पेन्शन ऑर्डरवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. नंतर एकट्या बाईला त्यासाठी किती हेलपाटे पडतात ते मी इतर पत्रांत वाचत असते. हयातीचा दाखला दर वर्षी द्यायचा असतो, तो ते देतात का तेही बघा. फंडाचे उरलेले पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवणार असाल तर खातं दोघांच्या नावाने उघडता येतं. २०२३ पासून तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सातबारावर तुमचं नाव आहे का? पत्रात त्याबद्दल काही नाही, म्हणजे बहुधा नसावं. जमीन यजमानांच्या एकट्याच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली ते स्वतः अर्ज करून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतात. ही योजना शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आली आणि सरकारने १९९२ मध्ये तसं परिपत्रक काढलं. तलाठ्याकडे अर्ज जातो, त्यासाठी मुद्रांक शुल्क नाही. भावांशी सामाईक जमीन असेल तर आधी वाटप लागतं. अर्ज त्यांनीच करायचा असतो, म्हणून मन वळवणं तुमच्याकडे आलं. माझं ऐकाल तर 'माझे पैसे'चं भांडण तिथेच मिटवा. पुतण्याला दिले ते दिले, आता सातबारावर सही करा. एवढा सौदा वाजवी आहे.

आणि पुण्याला जा. कायमचं नाही, पंधरा दिवस. हंगाम संपल्यावर, पाऊस लागायच्या आधी किंवा लागल्यावर लगेच, भांडून नाही, तारीख सांगून. डबे भरून ठेवू नका. तांदूळ कुठे, सोलं कुठे, दूधवाल्याचा हिशेब कुठे, एवढंच सांगा. तिकडे क्वार्टरमध्ये सत्तावीस वर्षं ते स्वतः करून खात होते, त्यांना येतं, इथे तुम्ही करू दिलं नाहीत. परत याल तेव्हा भांड्यांच्या जागा बदललेल्या असतील. काही बोलू नका.

हे सगळं करूनही सहा महिन्यांत काही हललं नाही, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी वेगळं बोलेन. लेकीच्या घराची वाट बंद करा असं मी कोणत्याच बाईला सांगत नाही.

एक राहिलं. ती निळी काच. भट्टीच्या तोंडाशी बघताना डोळे दिपू नयेत म्हणून मिलमधले लोक ती डोळ्यांपुढे धरतात. रंग कोबाल्टचा असतो. तिने नातवाला सूर्याकडे बघू देऊ नका, ती त्या कामाची नाही, डोळा जाईल. पण पुढच्या सुट्टीत तो आला की सकाळी न्हाणीची चूल पेटवताना दोघांना तिथे बसवा. आजोबांच्या कानात तोवर यंत्र बसलेलं असलं तर उत्तम. काच आजोबांच्या हातात, नातू त्यांच्या मांडीवर, आणि समोर पाणी तापवायचा जाळ. तुम्ही तिथे थांबू नका, आत जाऊन चहा ठेवा.